एक जुनं ॲड-ऑन काढायला गेले आणि ७७५ ग्राहकांचं अख्खं काम गायब झालं

५ एप्रिल २०२२. मंगळवार होता. भारतात दुपारचा १ वाजून ८ मिनिटं झाली होती, म्हणजे ऑफिसात डबे उघडायची वेळ. त्याच मिनिटाला ॲटलासियन नावाच्या ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर कंपनीची एक स्क्रिप्ट चालायला लागली.

काम तसं किरकोळ होतं. 'इनसाइट' नावाचं एक ॲड-ऑन होतं. कंपनीतले लॅपटॉप, सर्व्हर, लायसन्स यांची नोंद ठेवणारं. मूळचं ते माइंडव्हिल या स्वीडिश कंपनीचं. २०२० मध्ये ॲटलासियनने ती कंपनीच विकत घेतली आणि पुढे या ॲड-ऑनची सगळी कामं आपल्या क्लाउडवरच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये सामावून घेतली. मग जुनं, वेगळं बसवलेलं ॲड-ऑन ग्राहकांच्या साइटवर ठेवायचं कशाला? ते काढून टाकायचं ठरलं.

काय काय काढायचं याची यादी एका टीमने दुसऱ्या टीमला दिली. यादीत ॲड-ऑनचे आयडी असायला हवे होते. त्याऐवजी गेले ग्राहकांच्या पूर्ण साइटचे आयडी. आधी ३० ठिकाणी करून बघितलं होतं तेव्हा सगळं नीट झालं होतं, कारण त्या ३० वेळी आयडी बरोबर होते. पुढच्या यादीत मात्र घोळ होता. डिलीट करणाऱ्या एपीआयला दोन्ही प्रकारचे आयडी चालायचे आणि 'अहो, ही तर पूर्ण साइट आहे, खरंच उडवायची का?' असं विचारायची सोय त्यात नव्हती. २३ मिनिटांत ८८३ साइट्स गेल्या. ग्राहक होते ७७५.

यातल्या काहींना आपलं काम परत दिसायला १४ दिवस लागले.

खरा विनोद पुढे आहे. अडचण आली की ग्राहकाने सपोर्टकडे तिकीट टाकायचं. तिकीट टाकायला आपल्या साइटचा पत्ता द्यावा लागतो. इथे साइटच शिल्लक नव्हती, त्यामुळे बऱ्याच जणांना तक्रारही नोंदवता येईना. आणि साइटसोबत तिथल्या ॲडमिनचे संपर्कही उडाले होते, त्यामुळे कंपनीलाही कळेना की फोन कुणाला करायचा. कंपनीने पुढे स्वतःच या घटनेचा सविस्तर अहवाल जाहीर केला आणि हे सगळं त्यात कबूल केलं. एरवी अशा गोष्टी 'तांत्रिक अडचण' या दोन शब्दांत गुंडाळल्या जातात, त्यामुळे हा अहवाल वाचण्यासारखा आहे.

हे प्रकरण जुनं झालं असलं तरी त्यातला प्रश्न आत्ताच तापलाय. कारण सध्या जगभरातल्या हजारो कंपन्या नेमकं हेच करतायत. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची जुनी ॲड-ऑन्स काढून विक्रेत्याच्या क्लाउडवर नेतायत. आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी हे स्वतःहून ठरवलेलं नाही.

आधी हे जिरा प्रकरण काय आहे?

हिंजवडी किंवा खराडीच्या आयटी पार्कमध्ये कुणालाही विचारा, 'जिरा' म्हटल्यावर फोडणीतलं जिरं त्यांच्या डोक्यात नंतर येईल. जिरा म्हणजे कामांची नोंदवही. कुठला बग कुणाकडे आहे, कुठलं काम अडलंय, कशाला मंजुरी मिळाली, हे सगळं त्यात. माइक कॅनन-ब्रूक्स आणि स्कॉट फारकर या दोघांनी २००२ मध्ये सिडनीत ॲटलासियन सुरू केली आणि जिरा आणलं. नाव आलं 'गोजिरा'वरून, म्हणजे आपण ज्याला गॉडझिला म्हणतो त्याच्या जपानी नावावरून.

जिरा जसं मिळतं तसं कुणीच वापरत नाही. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे. कुणाला टाइमशीट हवी, कुणाला टेस्टिंगची नोंद, कुणाला तीन साहेबांच्या सह्या झाल्याशिवाय पुढे न सरकणारा अर्ज. ही जादा कामं करणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे ॲड-ऑन. ती विकायला ॲटलासियनने २०१२ मध्ये स्वतःचं मार्केटप्लेस काढलं आणि ती बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्यांचा एक वेगळाच धंदा त्यावर उभा राहिला.

पूर्वी जिरा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसायचं. लायसन्स एकदा घेतलं की कायमचं, देखभालीचे पैसे तेवढे दरवर्षी. दहा जणांच्या टीमला तर ते अवघ्या १० डॉलरमध्ये मिळायचं आणि तो पैसाही 'रूम टू रीड' या संस्थेला देणगी म्हणून जायचा.

ऑक्टोबर २०२० मध्ये ॲटलासियनने जाहीर केलं की सर्व्हर आवृत्ती बंद. २ फेब्रुवारी २०२१ पासून नवी विक्री थांबली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सपोर्टही संपला. ज्यांना स्वतःच्याच मशीनवर ठेवायचं होतं त्यांच्यासाठी 'डेटा सेंटर' नावाची महाग आवृत्ती होती, पण तिचा सगळ्यात छोटा पॅकच ५०० जणांचा. पन्नास माणसांच्या कंपनीने ती घ्यायची म्हणजे दोघांच्या घरासाठी मंगल कार्यालय भाड्याने घेण्यासारखं. तरी मोठ्या बँका, संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्या तिकडे गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनाही निरोप आला: २८ मार्च २०२९ ला डेटा सेंटरचाही शेवट.

म्हणजे राहता राहिला क्लाउड.

मग ॲड-ऑन उचलून क्लाउडवर का ठेवता येत नाही?

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. 'मायग्रेशन' म्हटलं की वाटतं टेम्पो बोलवायचा, सामान भरायचं, नव्या घरी उतरवायचं. जिरातल्या मूळ नोंदींपुरतं ते साधारण खरं आहे. त्यासाठी ॲटलासियनचं स्वतःचं टूल आहे. ॲड-ऑनच्या बाबतीत मात्र जुन्या घराच्या भिंतीत बसवलेलं कपाट न्यायचं असतं. ते निघतच नाही. नव्या घराच्या मापाने सुताराकडून नवीन करून घ्यावं लागतं.

कारण जुनं ॲड-ऑन जावा भाषेत लिहिलेलं असायचं आणि जिराच्या पोटात बसून चालायचं. जिरा जे करू शकतं ते जवळपास सगळं त्यालाही करता यायचं, डेटाबेसपर्यंत हात पोचायचा. क्लाउडवर असं कुणाला पोटात शिरू देणं शक्य नाही. एकाच यंत्रणेवर हजारो कंपन्या बसलेल्या असतात, एकाच्या ॲड-ऑनने गोंधळ घातला तर शेजारच्याचं काम बंद पडेल. म्हणून क्लाउडवरचं ॲड-ऑन दाराबाहेर उभं राहून एपीआयमार्फत विचारतं, 'अमुक माहिती मिळेल का?' मिळेल तेवढीच मिळते, आणि फार वेळा विचारलं तर 'जरा थांबा' असं उत्तर येतं.

याचा परिणाम रोजच्या कामावर कसा होतो, ते स्क्रिप्टरनर या लोकप्रिय ॲड-ऑनवरून कळतं. समजा कंपनीचा नियम आहे की टेस्टरने तपासल्याची नोंद नसेल तर बग बंद करता येणार नाही. जुन्या सर्व्हरवर कुणी 'क्लोज' दाबलं की स्क्रिप्ट तिथल्या तिथे चालायची आणि वाटेल तितक्या बारीक अटी तपासून माणसाला अडवायची. क्लाउडवर आधीच अडवण्याची सोय आहे, पण ती ठरावीक चौकटीतली. त्या चौकटीत न बसणारी तपासणी असेल तर स्क्रिप्ट बऱ्याचदा घटना घडून गेल्यावर चालते. म्हणजे बग बंद होतो, मग काही क्षणांनी स्क्रिप्टला कळतं, मग ती तो परत उघडते. दाराशी उभा असणारा वॉचमन आता सीसीटीव्ही बघून मागून धावतो. बहुतेक ऑफिसांना याने फरक पडणार नाही. औषधं किंवा वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत, जिथे ऑडिटर येऊन एकेक नोंद तपासतो, तिथे पडतो.

आणखी एक कटकट आहे, ती करून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. जिरात कंपनीने जोडलेल्या प्रत्येक रकान्याला एक नंबर असतो. क्लाउडवर गेलं की तो नंबर बदलतो. ज्या स्क्रिप्टमध्ये जुना नंबर थेट लिहिलाय ती चुकीच्या रकान्यात तरी बघते, नाहीतर बंद पडते. माणसांचंही तेच. सर्व्हरवर कर्मचारी त्याच्या युजरनेमने ओळखला जायचा, क्लाउडवर लांबलचक अकाउंट आयडीने. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, अशा पन्नास स्क्रिप्ट एखाद्या कंपनीत असतील तर त्या ओळीन् ओळ तपासण्यावाचून इलाज नसतो.

आणि ॲड-ऑनने स्वतःजवळ साठवलेला डेटा? तो नेण्याची सोय ते बनवणाऱ्यानेच करून द्यायची असते. त्याने दिली नसेल, किंवा त्याने ते ॲड-ऑनच सोडून दिलं असेल, तर डेटा जुन्या सर्व्हरवरच राहतो.

पाहुणा कोणाच्या घरात राहतो?

आता विक्रेत्याच्या क्लाउडबद्दल, कारण इथे बरेच ग्राहक फसतात. 'जिरा क्लाउडवर आहे, म्हणजे आमची सगळी माहिती ॲटलासियनकडे आहे' असं त्यांना वाटतं. गेली कित्येक वर्षं ते पूर्ण खरं नव्हतं.

क्लाउडवरची बहुतेक ॲड-ऑन्स 'कनेक्ट' नावाच्या पद्धतीने चालत आली. त्यात ॲड-ऑनचा कोड ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. जिराच्या पानात दिसते ती फक्त एक खिडकी, आतलं दृश्य दुसरीकडून येतं. म्हणजे ग्राहकाने जिरात लिहिलेली माहिती पोलंडमधल्या वीस जणांच्या कंपनीच्या सर्व्हरवरही जाऊ शकते, आणि त्या कंपनीचं नाव ग्राहकाच्या साहेबाने कधी ऐकलेलंही नसतं.

यावर ॲटलासियनने २०२१ मध्ये 'फोर्ज' सगळ्यांसाठी खुलं केलं. यात ॲड-ऑनचा कोड ॲटलासियनच्याच यंत्रणेवर चालतो, डेटाही तिथेच ठेवता येतो. बाहेर काहीच जात नसेल तर मार्केटप्लेसवर त्या ॲड-ऑनला तसा वेगळा शिक्का मिळतो. १७ सप्टेंबर २०२५ पासून मार्केटप्लेसवर नवं ॲड-ऑन आणायचं तर ते फोर्जवरच, असा नियम झाला. कनेक्टचा सपोर्ट २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत संपवायचं कंपनीने ठरवलंय.

म्हणजे ज्या छोट्या कंपन्यांनी जावातलं ॲड-ऑन खपून कनेक्टवर नेलं, त्यांनी आता तेच तिसऱ्यांदा लिहायचं. शिवाय फोर्जच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. साधं फंक्शन २५ सेकंदांत संपायला हवं, नाहीतर यंत्रणा ते तोडते. मोठा रिपोर्ट काढायचा तर कामाचे तुकडे पाडून मागच्या रांगेत लावावे लागतात. १ जानेवारी २०२६ पासून ठरावीक फुकट मर्यादेपलीकडे फोर्ज वापरलं तर ॲड-ऑन बनवणाऱ्याला वापरानुसार पैसेही भरावे लागतात. हा खर्च शेवटी कुणाच्या बिलात उतरेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

बिलाचाच विषय निघालाय तर मार्केटप्लेसचा एक जुना नियम सांगायला हवा. जिरावर ४०० माणसं असतील तर ॲड-ऑनही साधारणपणे ४०० जणांचंच घ्यावं लागतं. ते वापरणारी टेस्टिंग टीम १२ जणांची असली तरी. एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घेण्याची सवय असलेल्या कंपनीला हे दर महिन्याचं गणित पहिल्यांदा दिसतं तेव्हा अकाउंट्सचा फोन येतोच.

मग जुनंच बरं होतं का?

नाही. असं म्हणणारे सोयीस्करपणे काही गोष्टी विसरतात. ॲटलासियनचंच दुसरं सॉफ्टवेअर आहे, कॉन्फ्लुअन्स. कंपनीची कागदपत्रं, नोंदी ठेवायचं. जून २०२२ मध्ये कंपन्या स्वतः चालवत असलेल्या कॉन्फ्लुअन्समध्ये गंभीर भगदाड सापडलं, आणि दुरुस्ती यायच्या आधीच हल्लेखोर त्यातून आत शिरत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा तसंच, आणि त्या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. त्याच महिन्याच्या शेवटी आणखी एक. या तिन्ही वेळी ॲटलासियनच्या क्लाउडवरचे ग्राहक सुरक्षित होते. ज्यांच्या सर्व्हर रूममध्ये मशीन होतं त्यांच्या आयटीवाल्यांच्या रात्री जागण्यात गेल्या, आणि ज्यांच्याकडे आयटीवालाच नव्हता त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करता येते.

छोट्या कंपनीला क्लाउड परवडतो तो याच कारणाने. चौकीदारी दुसरा करतो. फक्त किल्लीही त्याच्याकडेच असते, आणि त्याची चूक एकाच वेळी शेकडो घरांना भोवते.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं असंच झालं. गूगल क्लाउडवरची त्यांची खासगी यंत्रणा डिलीट झाली. कारण काय, तर ती उभारताना गूगलच्या आतल्या एका टूलमध्ये एक रकाना कोरा राहिला होता. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्रणेने 'एक वर्षाची मुदत' असा लावला आणि मुदत संपल्यावर आपोआप सफाई केली. दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रती दोन्ही गेल्या. ६ लाखांहून जास्त सभासदांना जवळपास आठवडाभर आपलं खातं बघता आलं नाही. फंड सावरला, त्यात दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचाही हात होता.

भारतातलं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायारा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास वाटा आहे. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेलसह सेवा थांबवल्या. नायाराचं म्हणणं होतं की लायसन्सचे पैसे पूर्ण भरलेत आणि भारतीय कायद्याने काहीच चुकीचं नाही. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. इथे कुणाच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं नव्हतं. ते बटण अस्तित्वात आहे, एवढं मात्र सगळ्यांना दिसलं.

म्हणून आपल्याकडचे नियमही हळूहळू त्याच प्रश्नाकडे वळलेत. रिझर्व्ह बँकेने आयटी सेवा बाहेर देण्याबद्दल २०२३ मध्ये काढलेले निर्देश बँकांसोबत मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही लागू झाले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, आणि त्या विक्रेत्याकडून बाहेर कसं पडणार याचा आराखडाही आधी तयार हवा, असं त्यांत सांगितलं होतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही तेच म्हणतो: माहिती तुम्ही गोळा केली, तर दुसऱ्याने ती सांभाळताना घातलेल्या गोंधळाचं उत्तर तुम्हीच द्यायचं. पोलंडच्या सर्व्हरवरची ती खिडकी इथे अडचणीची ठरते. ॲटलासियन आपल्या मुख्य सॉफ्टवेअरचा डेटा भारतात ठेवायची सोय देते. प्रत्येक ॲड-ऑन ती देतंच असं नाही.

तुमच्या ऑफिसात हे चालू असेल तर?

अनुभवी ॲडमिन सुरुवात करतात ती कात्रीने. कोणती ॲड-ऑन्स कोण वापरतं हे काढलं की बरीच अशी सापडतात जी २०१६ मध्ये कुणीतरी ट्रायलसाठी बसवली आणि तशीच राहिली. ती न्यायचीच नाहीत. उरलेल्यांच्या बाबतीत ते बनवणाऱ्याला थेट विचारायचं: फोर्जवर कधी येणार, जुना डेटा येणार का, तो कुठल्या देशात राहणार, आणि उद्या आम्ही सोडून गेलो तर कुठल्या स्वरूपात परत देणार? शेवटच्या प्रश्नाला 'सपोर्टशी बोला' असं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजायचं.

मग एका चाचणी साइटवर सगळी हलवाहलव आधी करून बघायची, तीही ज्यांचं पोट त्या ॲड-ऑनवर आहे त्यांना बसवून. आयटीवाल्याला सगळं ठीक दिसतं. टेस्टिंगच्या मॅडम दोन मिनिटांत सांगतात की सहीचा रकानाच रिकामा आलाय.

आणि बॅकअप विक्रेत्याच्या आवाराबाहेर. २०२२ मध्ये ॲटलासियनकडे बॅकअप होते, बहुतेकांचा डेटा परतही आला. पण ते बॅकअप एकाच वेळी एवढ्या ग्राहकांची साइट वेगवेगळी करून परत उभी करण्यासाठी बनवलेले नव्हते. सुरुवातीला एकेका साइटला सुमारे ७० पायऱ्या लागत होत्या. ७७५ ग्राहक त्या रांगेत उभे होते, आणि आपला नंबर कधी येणार हे त्यांच्या हातात नव्हतं.

प्रत्यक्ष हलवायचा मुहूर्त बहुतेक कंपन्या शनिवार-रविवारचा काढतात. त्या दोन दिवसांत जुन्या जिरात कुणी काही लिहू नये म्हणून ते नुसतं बघण्यापुरतं ठेवलं जातं, आणि नव्याचं दार अजून उघडलेलं नसतं. त्यामुळे कामांची नोंद ठेवणारं जगातलं एवढं प्रसिद्ध सॉफ्टवेअर हलवताना करायच्या कामांची यादी बहुतेक ठिकाणी एक्सेल शीटमध्ये असते.